तलवार म्यानात घालताना

व्हिडिओ कॉलवर मुलीच्या डाव्या अंगठ्याजवळ पट्टी दिसली. "काही नाही अम्मी, तलवार लागली," असं ती इतक्या सहज म्हणाली की मला पुढचं काही सुचेना.

शिक्षणासाठी नागोयाला गेलेली आमची मुलगी तिथं 'इआयदो' शिकते. जपानी तलवारीचा खेळ म्हटलं की आपल्याला केंदो आठवतो, म्हणजे अंगात चिलखत, हातात बांबूची तलवार आणि समोर तसाच प्रतिस्पर्धी. इआयदोत समोर कुणीच नसतं. तलवार उपसायची, मनातल्या शत्रूवर वार करायचा, पात्यावरचं रक्त झटकल्याची कृती करायची आणि पातं परत म्यानात. या विद्येचा उगम सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके यांच्याकडे मानला जातो. १८७६ मध्ये सरकारने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली, तरी ही कवायत टिकली. केंदो महासंघाने सर्वांसाठी ठरवलेले प्रकार आज १२ आहेत. आधी ७ होते, १९८० मध्ये ३ आणि २००० मध्ये २ वाढले.

मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा एका संध्याकाळी व्यायामशाळेत कोपऱ्यात बसून मी हे सगळं पाहिलं. अगदी नवखा असेल तर लाकडी तलवार. नंतर जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली. टोक मात्र अणकुचीदारच. पहिला प्रकार गुडघे मोडून बसूनच सुरू होतो. नमाजमध्ये आपण अत्तहियातला बसतो तसंच, फक्त उजवं पाऊलही मागे सपाट टाकलेलं. आमच्या मुलीला त्याचा त्रास नव्हता, शेजारचे दोघे युरोपीय मात्र सारखे पाय चोळत होते. मूठ धरायची ती डाव्या हाताच्या करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या जोरावर, ओलं फडकं पिळावं तशी. उजव्या हाताने जोर लावला की वार वाकडा जातो, आणि नवखा माणूस नेमका तोच लावतो.

तरी वार करणं सोपं म्हणायचं. अवघड आहे ते पातं परत म्यानात घालणं. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीनं म्यानाचं तोंड धरायचं, पात्याची पाठ त्यावरून टोकापर्यंत सरकवत न्यायची, टोक आत पडलं की मग हळूहळू पातं आत. हे सगळं खाली न बघता. नजर पडलेल्या शत्रूवरून हलता कामा नये. मुलीला लागलं ते इथंच. ती म्हणाली, "घाई केली." लहानपणी पोळ्या लाटतानाही हिची हीच तऱ्हा होती.

माझी खरी काळजी मात्र वेगळी होती. वर्ग सुरू होताना सगळे दर्शनी बाजूकडे झुकतात, मग तलवार पुढे ठेवून तिच्यापुढे हात टेकून डोकं खाली नेतात. जपानी लोक याला आदर म्हणतात, इबादत नव्हे. पण पाहताना माझे हात घट्ट मिटले गेले. मुलगी तेवढा वेळ पाठ ताठ ठेवून गप्प बसून होती.

प्रवेश घेण्याआधीच तिनं उस्तादांना सांगितलं होतं, की रुकू आणि सजदा आम्ही अल्लाहशिवाय कुणापुढे करत नाही. सत्तरीतल्या त्या गृहस्थांनी लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "माणसांना मानेनं अभिवादन कर, बाकीच्या वेळी शांत बस. पण परीक्षेचं माझ्या हातात नाही."

तिथंच गाडी अडली आहे. श्रेणीच्या परीक्षेत वार जसे पाहतात तशी ही सुरुवातीची आणि शेवटची रीतही पाहतात. तिचे अब्बा म्हणतात, परीक्षा हवीच कशाला, शिकलीस ते शिकलीस. मला ते पटत नाही. दोन वर्षं घाम गाळल्यावर पोरीला आपण कुठवर आलो ते कळावंसं वाटणारच. परीक्षकांना आधी पत्र लिहून विचार, असं मी तिला सुचवलं आहे.

परीक्षा हिवाळ्यात आहे. अर्ज तिनं आणून ठेवला आहे, भरलेला नाही.