ट्विटर शेतकऱ्याच्या काय कामाचे?



ट्विटर हे नाव पहिल्यांदा कानावर आले तेव्हा प्रस्तुत लेखकाने ते हसण्यावारी नेले होते. ट्विट म्हणजे पाखराची चिवचिव. पुढाऱ्यांची भांडणं अन् सिनेमावाल्यांच्या गप्पा. म्हणलं, ह्यात उसाला काय मिळणार? पुढे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी हे आहे तरी काय, ते पाहू. ही सेवा २००६ साली अमेरिकेत सुरू झाली. जुलै २०२३ पासून तिचे नाव ‘एक्स’ आहे, पण लोकांच्या तोंडी ट्विटरच बसले आहे. मोबाईलचा साधा संदेश १६० अक्षरांचा. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावाला ठेवून मजकुराला १४० दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली. जुन्या सभासदांना तार आठवत असेल. ती २०१३ साली बंद झाली. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून माणूस मोजकेच लिही. येथेही तसेच. फरक एवढाच, की तार एका घरी जायची, हे मात्र सगळ्यांना वाचता येते.

हे उघडेपणच कामाचे आहे. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना प्रवासी चालत्या गाडीतून आपली अडचण ट्विटरवर लिहीत, आणि पुढच्या स्टेशनावर रेल्वेचे लोक मदतीला हजर होत. लहान लेकरांसाठी दूध पोचविल्याच्याही बातम्या तेव्हा आल्या होत्या. ग्रामसभेत चारचौघांसमोर विचारलेला प्रश्न टाळता येत नाही, तसाच हा प्रकार.

आमचे मत मात्र पावसाने बदलले. गळीत हंगामात एके दिवशी दुपारी फडात ट्रॉली भरणे चालू होते. आभाळ तसं निवळच होतं. पुतण्या मोबाईल घेऊन आखाड्यावर आला. म्हणाला, “काका, हवामान खात्यानं आपल्या जिल्ह्याला तीन घंट्यात विजांसह पाऊस सांगितलाय. ट्रॉली अर्धी भरली असली तरी डांबरीवर काढा.” मन होईना, पण ऐकलं. दोन घंट्यात पावसानं झोडपलं. काळ्या रानात पाय निघेना, तिथं ट्रॉली कुठली निघते! तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणजे नुकसान सभासदाचे, तसेच कारखान्याचेही.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग ध्यानात ठेवावेत. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हातातले काम सोडून आधी बंदोबस्त करा.

आता दुसरी बाजू. थोडक्यात लिहिलेल्या गोष्टीत अट गळून पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरविली. तेवढाच आकडा फिरला अन् पारावर चर्चा सुरू झाली, की टनाला ३,५५० हातात पडणार. पण तो दर १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे. उतारा साडेनऊच्या खाली असेल तर क्विंटलला ३२९ रुपये ५ पैसे. शिवाय तोडणी-वाहतूक खर्च त्यातूनच वजा होतो. आकडा खरा, पण बातमी अर्धी!

म्हणून वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लिहिणारा कोण? नावापुढची निळी खूण आता पैसे भरूनही मिळते, तेव्हा तिच्यावर जाऊ नये. सरकारी कार्यालयांच्या खात्यांना करडी खूण असते. दुसरी, तारीख कोणती? मागच्या वर्षीचा इशारा यंदा फिरत असतो. तिसरी, सोबत पूर्ण पत्रक जोडलेले आहे काय? असल्यास ते उघडून वाचावे, नसल्यास गट कार्यालयात विचारावे.

स्वतः काही लिहिलेच पाहिजे असे नाही. सकाळी चहा होईपर्यंत हवामान खात्याचा मजकूर पाहिला तरी पुरे. मोबाईल जमत नसेल तर घरातल्या शिकत्या लेकराला वाचून दाखवायला सांगा. चिवचिव पुष्कळ आहे. त्यातून आपल्या कामाचे तेवढे टिपावे.