सात दिवसांचे शिबिर, सहा महिन्यांचे औषध

मेहरूण हे नाव खानदेशाबाहेरच्या वाचकाच्या कानी पडते ते बहुधा संक्रांतीच्या सुमारास, बोरांच्या पाटीबरोबर. परंतु जळगावकरांच्या लेखी मेहरूण म्हणजे प्रथम तलाव आणि मग बोरे. एके काळी याच तलावाचे पाणी नळांवाटे शहरास पुरविले जाई. आता त्याच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते, आणि अनंत चतुर्दशीस शहरातले गणपती तेथे विसर्जनासाठी येतात. त्या दिवशी काठावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातले निर्माल्य अदबीने मागून घेणारी जी मुले-मुली दिसतात, त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, म्हणजे कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावरचे विद्यार्थी, पुष्कळ असतात. या कामास कोणी आरोग्यसेवा म्हणत नाही. तथापि ज्या गावाचे पाणी शुद्ध त्या गावाचा दवाखाना रिकामा, एवढे सार्वजनिक आरोग्याचे आद्यसूत्र ध्यानी घेतले, तर तलावकाठचा हा विद्यार्थी आणि रुग्णाची नाडी पाहणारा वैद्य यांच्यातले अंतर वाटते तितके मोठे नाही.

ज्या विद्यापीठाच्या पटावर ही मुले आहेत, ते शहराच्या पश्चिमेस धुळ्याच्या मार्गावर, गिरणेच्या परिसरात साडेसहाशे एकरांवर वसलेले आहे. 15 ऑगस्ट 1990 रोजी ते स्थापन झाले. तत्पूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती, आणि एखाद्या गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करून घ्यावयाची तर शहाद्याच्या विद्यार्थ्यास पुण्याची वाट धरावी लागे. आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा इलाखा त्याच्याकडे आला, आणि 2018 साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या आसोद्याच्या लेकीचे नाव विद्यापीठास लाभावे, यातील औचित्य पुष्कळांनी वर्णिले आहे. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र या लेखाच्या विषयाशी अधिक निगडित आहे: प्लेगने त्यांच्या एका मुलास कायमचे अपंगत्व आणले होते.

प्लेगचा उल्लेख आला आहे, तर तेथेच क्षणभर थांबणे योग्य होईल. 1896 साली मुंबईत प्रकटलेल्या त्या साथीचा बंदोबस्त करण्यासाठी सरकारने 1897 चा साथरोग कायदा केला, पुण्यात घराघरांत गोरे शिपाई शिरले, देवघरे आणि स्वयंपाकघरे तपासली गेली, आणि रोगाइतकेच लोक इलाजालाही भिऊ लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगास बळी पडल्या. एकाच शहरात, एकाच साथीत आरोग्यसेवेच्या दोन रीती अशा समोरासमोर उभ्या होत्या: एक हुकमाच्या बळावर उंबरा ओलांडणारी, दुसरी ओळखीच्या माणसाची. विद्यापीठाने गावात जावे म्हणतात, ते या दुसऱ्या रीतीने जाता येईल या भरवशावर.

आपल्याकडील विद्यापीठे जन्मली ती मात्र गावात जाण्यासाठी नव्हे. 1857 साली मुंबईस स्थापन झालेले विद्यापीठ आरंभी मुख्यत्वे परीक्षांचे दप्तर होते. विद्येने आपला वाडा सोडून वस्तीत राहावयास जावे, ही कल्पना विलायतेत 1884 साली लंडनच्या पूर्व भागात उभ्या राहिलेल्या टॉयनबी हॉलने रूढ केली. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण पदवीधर तेथे श्रमिकांच्या वस्तीत मुक्कामास येत. आपल्याकडे ती कल्पना सरकारी रीतीने, समित्या आणि आयोग यांच्या पायऱ्या चढत आली. चिंतामणराव देशमुखांच्या समितीने राष्ट्रीय सेवेचा विचार केला, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडण्याची शिफारस केली, आणि गांधीशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पुढे 1977 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीस विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. कागदावर तिन्ही अंगे समान आहेत. बढतीच्या वेळी कोणते अंग तपासले जाते, हे प्राध्यापकमंडळी जाणतात.

खानदेशापुरती एक अडचण, किंवा मी म्हणेन एक संधी, आणखी आहे. 1998 साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काय, किंवा 2018 साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काय, दोन्ही संलग्न आहेत ती नाशिकशी. म्हणजे बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आरोग्यप्रसारास निघते तेव्हा त्याच्यापाशी डॉक्टर नसतो. असतो तो द्वितीय वर्ष कला वर्गात इतिहास शिकणारा मुलगा, वाणिज्य शाखेची मुलगी, फार तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी. यांनी रोग्यांच्या दारी जाऊन करावयाचे ते काय?

या प्रश्नाचे उत्तम उत्तर 1971 साली बांगलादेशाच्या सीमेवर मिळाले. बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे भराभर दगावत होती, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ते रोग्यांच्या नातलगांकरवी पाजावयास लावले. शंभरातील तीस मृत्यूंचे प्रमाण त्या छावणीत चारांच्याही खाली आले. वैद्यकाचे ज्ञान महालनबीसांचे होते, हात मात्र नातलगांचे. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि त्याच उन्हात केळीच्या बागांतून मजुरांना राबावे लागते, त्या भुसावळ-रावेरच्या मुलखात हे ज्ञान घरोघर पोचविण्यास वैद्यकीय पदवीची आवश्यकता नाही. मजुराच्या बोलीत बोलणारे, त्याच्याच गावचे कोणी हवे. विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा तसाच असतो. तो घरी अहिराणी, तावडी, पावरी किंवा भिली बोलतो, आणि ज्या गावी शिबिरास जातो तेथे त्याची मावशी नाही तर निदान मावशीचे दीर निघतात.

आता शिबिराकडे वळू. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षास 120 तास याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करावयाचे आणि त्याखेरीज दत्तक गावी सात दिवसांचे विशेष शिबिर करावयाचे, असा नियम आहे. ज्याने असे शिबिर पाहिले आहे त्यास त्याचा क्रम तोंडपाठ असतो: पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शाळेच्या ओट्यावर सांस्कृतिक कार्यक्रम, आणि मधल्या एखाद्या दिवशी आरोग्यतपासणी. तपासणीच्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर येतात, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो, औषधांच्या खोक्याहून फलक मोठा असतो, आणि सायंकाळपर्यंत शे-दीडशे माणसांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासून होते. हे सर्व निरर्थक आहे असे मुळीच नाही; पन्नाशी उलटलेल्या कित्येक शेतकऱ्यांस आपल्याला रक्तदाब आहे हे त्या दिवशी प्रथम कळते. पण कळले, पुढे काय? आठवड्याच्या गोळ्यांची पुडी संपेपर्यंत शिबिर उठलेले असते, मुले परीक्षेस बसलेली असतात, आणि रोग मात्र सत्राच्या वेळापत्रकाशी बांधलेला नसतो. विद्यापीठीय आरोग्यकार्याचे मर्म आणि त्यातील वैगुण्य, दोन्ही माझ्या मते या एका ठिकाणी आहेत.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयावरचे औषध सहा महिने अखंड घ्यावे लागते. दोनएक महिन्यांत खोकला थांबतो, अंगी बळ येते, कामावर जाता येते. आणि रोगी औषध सोडतो तो नेमका याच वेळी. पुढे उलटलेला क्षय नेहमीच्या औषधांस दाद देईलच असे नाही. पथ्याच्या आहारासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे जमा करते, 2018 पासून 500 रुपये आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये. परंतु खाते बंद, नावात फरक, आधार जोडलेले नाही अशा कारणांनी रक्कम अडते तेव्हा बँकेच्या खिडकीपाशी त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. रोग्याच्या घरी आठवड्यातून एकदा डोकावणे, गोळ्यांची रिकामी पाकिटे पाहणे, बँकेत सोबत जाणे: यातले एकही काम कठीण नाही. सहा महिने करीत राहणे तेवढे कठीण आहे.

सिकलसेलच्या बाबतीत तर मुदत आयुष्याचीच असते. सातपुड्याच्या पायथ्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, पावरा, भिल्ल, तडवी या समाजांत आढळणारा हा रक्तदोष आनुवंशिक आहे. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे कुटल्यासारख्या असह्य वेदनांचे झटके येतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांस स्वतःला त्रास नसून दोष मात्र रक्तात असेल, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक. भरपूर पाणी पिणे, थंडी व अतिश्रम टाळणे, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया एवढ्यावर पुष्कळांचे आयुष्य सुसह्य होते.

रक्ताची तपासणी सरकारी यंत्रणा करते. 1 जुलै 2023 पासून तीस राष्ट्रीय मोहिमेचे स्वरूप आले आहे. अडते ते तपासणीनंतर. वाहक मुलीच्या बापास ‘तुमच्या मुलीत दोष आहे’ असे वाटू न देता समजावून सांगणे, लग्न ठरविताना दोन्हीकडचे कागद पाहण्याची रीत पाडणे, हे काम परक्याच्या व्याख्यानाने होत नाही. त्याच पाड्यावरची, शहाद्यास किंवा नंदुरबारास शिकावयास गेलेली मुलगी ते करू शकते. याशिवाय कागदपत्रांचे काम आहेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, एस.टी.च्या साध्या गाडीत या रुग्णांस प्रवासाची सवलत आहे. परंतु सवलतीस दाखला लागतो, दाखल्यास अर्ज, अर्जास छायाचित्र, आणि जिल्हा रुग्णालयाची फेरी. झटक्याने तळमळणाऱ्या मुलाच्या आईस हे सोपस्कार सुचत नाहीत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे सोपस्कार करून देता आले नाहीत, तर त्याने राज्यशास्त्र कशासाठी शिकले? विद्यापीठाने नंदुरबारला आदिवासी अकादमी काढली आहे. या कामास तिच्याहून योग्य ठाणे दुसरे संभवत नाही.

गावाकडे निघण्यापूर्वी वसतिगृहात डोकावणेही इष्ट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शिबिरात नाचणी आणि पालेभाजीचे महत्त्व सांगणारी स्वयंसेविका त्यांपैकीच एक असण्याचा संभव निम्म्याहून अधिक आहे. रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत पाठविलेल्या मुलींच्या रांगा पाहिल्या की हे आकडे आठवतात, आणि त्यांस हसत ‘पुढच्या वेळी’ असे सांगून वाटेस लावणारे प्राध्यापकही आठवतात. मनाच्या आरोग्याचेही तेच. 2022 साली सुरू झालेला ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक भित्तिपत्रकांवर आढळतो, तो फिरविण्याचा संकोच मोडावयाचा तर प्रथम आपल्याच खोलीतल्या मैत्रिणीचा मोडावा लागतो.

सातत्याचा हा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाने आपल्या परीने सोडवून पाहिला आहे. सेवाग्रामला 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले तेव्हापासून तेथील विद्यार्थी पहिल्याच वर्षी एका खेड्यात राहावयास जातात, काही कुटुंबे त्यांच्याकडे सोपविली जातात, आणि पुढील वर्षांतही त्या कुटुंबांशी संबंध राहतो. 2022 पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असेच कुटुंब-दत्तक कार्य देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांस लागू केले. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्याकडे कुटुंब आहे आणि कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्याकडे गाव आहे. दोघांची विद्यापीठे भिन्न असली तरी गावे एक करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. एकास रक्तदाब मोजता येतो, दुसऱ्यास तिथली बोली आणि तलाठ्याचे घर ठाऊक असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने समाजकार्यास आता श्रेयांक दिले आहेत. यावर ‘गुणांसाठी सेवा’ अशी टीका होते. मला ती फारशी पटत नाही, कारण गुणांविना जी सेवा चालली होती तीही पुष्कळदा प्रमाणपत्रासाठीच होती. विचारावयाचे ते एवढेच की श्रेयांक कशाचे: शिबिरातील उपस्थितीचे, की मार्चमध्ये आढळलेला रुग्ण सप्टेंबरात औषध पुरे करून मोकळा झाला याचे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची नेमणूक सामान्यतः तीन वर्षांची असते. त्याच्या जागी दुसरे प्राध्यापक येतात तेव्हा रीतसर ताबा दिला जातो. पासबुक, पावतीपुस्तके, कुदळी, फावडी, घमेली, सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक मोजून यादीवर दोघांच्या सह्या होतात. दत्तक गावातील रुग्णांची नोंदवही, कोणाची गोळी चालू आहे, कोणाचा दाखला अडला आहे, कोणत्या घरी पुढची खेप कधी, ती त्या यादीत धरण्याचा प्रघात नाही. सतरंज्यांच्या खाली एक ओळ वाढविण्यास मंत्रालयाची परवानगी लागत नाही, आणि मेहरूणच्या काठी निर्माल्य मागून घेणारी मुले ती वही गावोगाव नेतील, याबद्दल मला फारशी शंका नाही.