भुलीची भीती आणि चहात बुडवलेलं बिस्कीट

नांदेड-लातूरकडच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि ‘पोराच्या हृदयाला छिद्र असावं’ ही शंका घरी पहिल्यांदा पोचते. 2013पासूनच्या या तपासणीतून हेरलेली काही मुलं पुढे जांघेतल्या शिरेतून कॅथेटर घालून छिद्र बुजवायला मुंबई-पुणे गाठतात. छाती उघडायची नाही म्हटल्यावर आई-बापांचा जीव भांड्यात पडतो. मग भूल कशाला?

कारण चार वर्षांचं लेकरू तासभर न हलता पडून राहत नाही. सुईची जागा बधिर करता येते, हट्ट नाही.

‘मग थोडी गुंगी द्या, पूर्ण भूल नको.’ पण हलकी म्हणजे सुरक्षित, असं नसतं. गुंगीत श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. फुप्फुसातला रक्तदाब आधीच वाढलेला असेल, तर तो आणखी चढतो. अशा मुलाला नळी घालून श्वास भूलतज्ज्ञाने हातात घेतलेलाच बरा. अन्ननलिकेतून इको करत छिद्र बुजवायचं असेल तरी बहुधा पूर्ण भूलच लागते. कॅथेटरने नुसते दाब मोजायचे असतील, तर अनेकदा गुंगीवर भागतं.

‘भुलीनं मेंदू मंद होतो.’ हर्नियाच्या शस्त्रक्रियेत तासाभराहून कमी वेळ भूल मिळालेल्या तान्ह्यांचा मोठा अभ्यास 2019मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, पाचव्या वर्षी बुद्धीत फरक दिसला नाही. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांबणाऱ्या भुलीबाबत अमेरिकी औषध नियामकाने 2016मध्ये सावध केलं होतं. पुन्हा पुन्हा कॅथेटर लागणार असेल तर हे डॉक्टरांना जरूर विचारा.

खरा घोळ उपाशीपणाचा. ‘रात्री बारापासून थेंबही नको’ हे चूक. निळं पडणाऱ्या मुलाचं रक्त मुळात घट्ट. मे महिन्यात रात्रभर रेल्वेने आलेल्या अशा पोराचं पाणी तोडलं तर ते आणखी घट्ट होतं. सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4, साधं पाणी 2.

दुसरं टोक म्हणजे आजी. ‘लेकरू भुकेनं रडायलंय’ म्हणत पदराआडून चहात बुडवलेलं बिस्कीट भरवते. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं.

भरवलंच असेल, तर भूलतज्ज्ञाला सांगून टाका. फार तर रागावतील आणि केस दुपारवर ढकलतील.