‘डिसअफेक्शन’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

नावड दाखविणारे शब्द इंग्रजींत पुष्कळ आहेत. ‘डिसलाइक’ म्हणजे साधी नावड, ‘हेट्रेड’ म्हणजे द्वेष, ‘कंटेम्प्ट’ म्हणजे तुच्छताबुद्धि, ‘डिसगस्ट’ म्हणजे किळस. विद्यार्थ्यांस यांतील तारतम्य सांगतांना फारशी अडचण पडत नाहीं. कारल्याच्या भाजीचें उदाहरण दिलें कीं पहिला शब्द शेवटच्या बांकावरही समजतो. परंतु याच कुळांतल्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाच्या अर्थावर माणसांचें स्वातंत्र्य अवलंबून राहिलें, आणि त्या अर्थाचा मोठा कीस आपल्या मुंबईच्या हायकोर्टांत निघाला.

इंडियन पीनल कोडांत १२४-अ हें कलम १८७० सालीं घातलें गेलें. सरकाराविषयीं ‘डिसअफेक्शन’, म्हणजे शब्दशः अप्रीति, उत्पन्न करणें हा गुन्हा ठरला. सरकारी उपायांविषयींची नुसती नापसंती, ‘डिसॲप्रोबेशन’, मात्र आज्ञापालनाच्या वृत्तीशीं सुसंगत असल्यास गुन्हा नव्हे. नापसंती कोठें संपते व अप्रीति कोठें सुरू होते, हा प्रश्न १८९७ च्या सप्टेंबरांत लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत ऐरणीवर आला. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकांतील मजकुरावरून तो खटला झाला. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सर्व प्रकारचे दुर्भाव त्यांत येतात. सहा यूरोपीय ज्यूरर ‘दोषी’ म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर ‘निर्दोषी’ म्हणाले, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

संस्कृत व्याकरण शिकलेल्यास येथें लगेच ठेंच लागते. निषेधार्थक ‘अ’चे, म्हणजे नञाचे, वैयाकरण सहा अर्थ मानतात. ‘अपाप’ यांत अभाव आहे, ‘अधर्म’ यांत विरोध आहे. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर बारीक पोटाची, म्हणून तेथें अल्पता. इंग्रजी ‘डिस’ची गतही अशीच आहे. एकत्र कुटुंबांत धाकटीला थोरल्या जावेविषयीं विशेष प्रेम नसेल. तेवढ्यावरून ती घर मोडायला निघाली असें सासूबाई ठरवूं लागल्या, तर कोणत्या घरांत चूल धड पेटेल? अभाव आणि विरोध एका पंक्तीला बसविले कीं केवळ उदासीन मनुष्यही वैऱ्यांत गणला जातो.

हा भेद ओळखणारा न्यायाधीश त्याच हायकोर्टांत होता. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राचा खटला त्याच वर्षीं पूर्णपीठापुढें आला. पीठावर महादेव गोविंद रानडे होते. त्यांचा जन्म आमच्या नाशिक जिल्ह्यांतील निफाडचा. ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा नुसता अभाव नव्हे, तर राजनिष्ठेला सोडून गेलेली, सत्तेची आज्ञा झुगारूं पाहणारी प्रत्यक्ष विरोधी भावना, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. व्याख्या सुधारली, तरी आरोपी सुटले नाहींत. शिक्षा तेवढी पुष्कळ कमी झाली. मला मात्र या निर्णयांत न्यायमूर्तींइतकाच भाषापंडितही बोलतो असें वाटतें.

१८९८ सालीं कायदा दुरुस्त होऊन द्वेष व तुच्छता हे शब्द कलमांत आले, आणि राजनिष्ठेचा अभाव व सर्व वैरभावना ‘डिसअफेक्शन’मध्यें मोडतात असें स्पष्टीकरण जोडलें गेलें. १९०९ सालीं नाशिकच्या गणेश दामोदर सावरकरांना त्यांनीं छापलेल्या कवितांवरून जन्मठेप काळें पाणी झालें, तें मुख्यतः १२१ कलमाखालीं; पण १२४-अ चाही दोष त्यांच्यावर ठेवण्यांत आला. १९२२ त अहमदाबादेस गांधीजींनीं तर कोर्टांतच सांगितलें कीं, प्रीति कायद्यानें निर्माण करतां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिलें. १९६२ त केदारनाथ सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी असेल तेथपर्यंतच त्याला मर्यादित केलें; ११ मे २०२२ रोजीं त्याचा अंमल थांबविला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें १५२ वें कलम आलें. त्याचा आवांका पुरेसा आटोपशीर आहे कीं नाहीं, हा वाद वकिलांचा. त्यांत ‘डिसअफेक्शन’ हा शब्द मात्र नाहीं. त्याचा जुना शेजारी ‘डिसॲप्रोबेशन’ तेवढा स्पष्टीकरणांत अद्याप नांदतो आहे.