गुळाचा केक आणि पौष्टिकपणाचा भ्रम

गूळ ही साखरच आहे, फक्त कमी शुद्ध केलेली. उसाचा रस आटवला की गूळ होतो. तोच रस निवळून, आटवून त्यातले स्फटिक वेगळे काढले की साखर होते. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातली आहे. तरीही डिसेंबर उजाडला की ‘साखर अजिबात नाही, गूळ घातलाय, बिनधास्त खा’ हे वाक्य वसईपासून मडगावपर्यंत ऐकू येते. घरगुती केकच्या जाहिरातींत ते असते, रेसिपीच्या व्हिडिओंत असते आणि पाहुण्यांना आग्रह करतानाही असते. नाताळच्या फराळाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज हाच.

त्याची शहानिशा करायला एक केक पुरेसा आहे. मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी २०० ग्रॅम, चार अंडी आणि २०० ग्रॅम सुकामेवा असा केक घेऊन त्याचे सोळा तुकडे केले, तर एका तुकड्यात साडेबारा ग्रॅम साखर येते. साखरेच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ४०० कॅलरी असतात, तर गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ३८०. म्हणजे साखरेऐवजी गूळ घातल्याने तुकड्यामागे वाचतात तीन ते सहा कॅलरी. आणि तुकडा असतो सव्वादोनशे कॅलरींच्या पुढचा.

मग लोहाचा मुद्दा पुढे येतो. गुळात लोह असते, हे खरेच. पण १०० ग्रॅम गुळात ५ मिलिग्रॅम लोह धरले, तरी केकच्या तुकड्यातून पोटात जाते जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ही गरज केकमधल्या गुळातूनच भागवायची तर दिवसाला तीन अख्खे केक लागतील. लोहासाठी गुळाचा केक सुचवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेतून येणारा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा. पाच टक्क्यांच्या आत ठेवला तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० आणि २५ ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्याने वरून घातलेली प्रत्येक साखर यात मोजली जाते. मध आणि पाकही मोजले जातात. गुळाला वेगळी सूट नाही. ब्राउन शुगर म्हणजे तर बहुतांशी साखर आणि थोडी काकवी. माडाचा गूळही मधुमेहींना चालतो, असे ठामपणे सांगितले जाते. पण त्यातही मुख्य घटक साखरच असल्याने रक्तातील ग्लुकोज त्यानेही वाढते.

गोव्याच्या दोदोलात माडाचा गूळच लागतो, त्याचे कारण वेगळे आहे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हा गूळ मंद आचेवर तासन्तास घोटले की मिश्रण कडा सोडते आणि त्याला काळसर चकाकी येते. तो रंग आणि ती खमंग चव साखरेने येत नाही. गूळ चवीसाठी घालावा. त्याला औषध ठरवू नये.

गोडाचे प्रमाणच कमी करणे हा खरा उपाय. केकमध्ये साखर फक्त गोडीपुरती नसते: लोण्यासोबत फेटताना तिचे स्फटिक हवा धरून ठेवतात, ती ओलावा राखते, रंग आणते. म्हणून ती पूर्ण काढली तर केक बसतो. पाव भागाने कमी केली, तर सुकामेव्याच्या केकमध्ये फारसे जाणवत नाही, कारण मनुकांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर आधीच असते. कुलकुलांचेही तसेच. काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून वळलेले कुलकुल तळल्यावर पाकात घोळवले नाहीत, तर वळण्यातली मजा तीच राहते आणि साखर बरीच वाचते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘भाजताना रम उडून जाते.’ सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात मिसळलेल्या मद्यातील अल्कोहोल तासभर भाजल्यावरही सुमारे २५ टक्के उरते. भाजून झाल्यावर केकवर शिंपडलेली रम तर बहुतांशी तशीच राहते. लहान मुलांसाठी सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवावा.

‘एगलेस केक हलका असतो.’ अंड्याऐवजी बहुधा गोड कंडेन्स्ड मिल्क पडते. त्यात साखर भरपूर असते आणि अंड्याची सहा ग्रॅम प्रथिने मात्र जातात.

‘मार्जरिनमध्ये लोण्यापेक्षा कॅलरी कमी.’ नेहमीच्या मार्जरिनमध्ये लोण्याइतकीच, म्हणजे सुमारे ८० टक्के चरबी असते. ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्याने कॅलरी घटत नाहीत.

‘कणकेचा केक म्हणजे डाएट केक.’ कणकेत मैद्याच्या कितीतरी पट तंतू असतात, हा फायदा खरा. लोणी आणि साखर मात्र तेवढीच राहते.

‘गोड खाल्ले की मुले उधळतात.’ १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. सणाची गर्दी आणि जागरण पुरेसे असते.

‘पौष्टिक करायचे तर परंपरा मोडावी लागते.’ मोडावी लागत नाही. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल घरची माणसे मिळून करतात आणि त्यांची ताटे शेजारीपाजारी जातात. एकेका पदार्थाचा लहानसा तुकडा वाट्याला यावा, हीच मूळ रीत. ती पाळली, तर साखरेच्या जागी गूळ घालण्यापेक्षा कितीतरी अधिक साखर पोटात जायची वाचते.