इलेक्ट्रॉनचा फोटो कुणी काढला?

२०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि आन लुइलिए यांना जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना एकच उपमा सुचली : इलेक्ट्रॉनचे फोटो काढणारा कॅमेरा. ती सुचणे साहजिक होते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोडीची ओळीने छायाचित्रे घेतली आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा नुसत्या डोळ्यांनी न मिटणारा वाद मिटवला. झडप जितकी चपळ तितकी चपळ हालचाल टिपता येते, हे तेव्हापासून सूत्रच होऊन बसले. बंदुकीची गोळी, माशीचे पंख, रेणूतला तुटता बंध आणि आता इलेक्ट्रॉन, ही चढती मालिका ऐकायला सुरेख वाटते. पण शेवटच्या पायरीवर ती लंगडते. प्रकाश पडला म्हणून घोडी आपली चाल बदलत नाही. इलेक्ट्रॉनवर प्रकाशाचा ॲटोसेकंदांइतका आखूड स्पंद पडतो तेव्हा मात्र तो बहुधा अणूतून उखडलाच जातो, आणि ज्या हालचालीचा अभ्यास करायचा ती अनेकदा त्या स्पंदानेच सुरू करून दिलेली असते. ॲटोसेकंदांच्या या शास्त्राने गेल्या पंचवीस वर्षांत जे हाती आणले त्याला चित्र म्हणणे अवघड आहे. ती दोन घटनांमधल्या अंतराची मोजणी आहे, आणि तीही अशी की गणिताचा हात धरल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. या अवलंबित्वाकडे कमीपणा म्हणून पाहिले जाते. मला त्यातच या शास्त्राचे बळ दिसते.

आधी मापे पाहू. सेकंदाचे एकावर अठरा शून्ये इतके भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे ॲटोसेकंद. नावही ‘अठरा’ या अर्थाच्या डॅनिश शब्दावरून पडले. विश्व जन्मल्यापासून जेवढे सेकंद उलटले, त्यांच्या दुपटीहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात मावतात. आपल्या जुन्या कालगणनेने पापणी लवण्याला निमिष म्हटले. या हिशेबात निमिष म्हणजे युगांची रास. रेणूंतले अणू हलतात ते फेम्टोसेकंदांत, आणि एका फेम्टोसेकंदात हजार ॲटोसेकंद असतात. अहमद झेवैल यांनी रासायनिक बंध तुटताना होणारी ही हालचाल लेसरने मोजली आणि १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. इलेक्ट्रॉन हा हायड्रोजनच्या अणुकेंद्राहून सुमारे १,८३६ पटींनी हलका, त्यामुळे त्याचा वेळ आणखी तोकडा. इथे लोकप्रिय लेखांत १५२ ॲटोसेकंद हा आकडा हमखास येतो : बोरच्या प्रतिकृतीतला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तेवढ्या वेळात एक फेरी मारतो. आकडा बरोबर आहे, चित्र चुकीचे आहे. १९२५ साली हायझेनबर्गने कक्षांचे ते चित्रच मोडीत काढले. ठरावीक ऊर्जेच्या अवस्थेतला इलेक्ट्रॉन कुठेही फेऱ्या मारत नसतो. त्याचा संभाव्यतेचा ढग होता तसाच राहतो. ढग हलायला किमान दोन ऊर्जा-अवस्थांची सरमिसळ लागते, आणि तो कोणत्या लयीत डुलेल हे त्या दोन ऊर्जांमधला फरक ठरवतो. फरक एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा असला तर एक झोका सुमारे ४.१ फेम्टोसेकंदांचा, दहाचा असला तर सुमारे ४१४ ॲटोसेकंदांचा. क्रिप्टॉनच्या आयनात असा झोका २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजला गेला. त्याचा काळ सव्वासहा फेम्टोसेकंदांच्या आसपास आला, आणि वर्णपटांवरून आधीच ठाऊक असलेल्या ऊर्जाफरकाशी तो जुळला.

एवढा आखूड स्पंद करायचा कसा, ही अडचण मोठी होती. प्रकाशाचा स्पंद त्याच्या एका आंदोलनाहून फारसा आखूड करता येत नाही, आणि प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचे एक आंदोलन जवळजवळ २.७ फेम्टोसेकंद घेते. ही भिंत लेसर सुधारून फुटली नाही, एका अनपेक्षित निरीक्षणाने फुटली. १९८७ साली पॅरिसजवळच्या साक्ले इथे लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन वायूवर तीव्र अवरक्त लेसर सोडला, तेव्हा वायूतून मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे करत थेट तेहतीसपटीपर्यंतचे प्रकाश बाहेर पडले. तंबोऱ्याची जोडी सुरात लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा संनादी. तार छेडली की वरचे संनादी साधारणपणे मंदावत जातात; जवारी नीट बसली तर त्यातले बरेच उजळतात. आर्गॉनची जवारी काही औरच निघाली. पहिले काही संनादी मंदावले आणि पुढचे कितीतरी जवळजवळ सारख्याच जोराने येत राहिले. कारण १९९३ च्या सुमारास उलगडले, आणि त्याचे सोपे रूप ओटावातल्या पॉल कॉर्कम यांनी मांडले. लेसरचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूबाहेर ओढते, दूर फेकते, आणि क्षेत्राची दिशा पालटली की तोच इलेक्ट्रॉन वेग घेऊन आपल्या जुन्या घरावर येऊन आदळतो. कमावलेली सगळी ऊर्जा तो प्रकाशाच्या एका झटक्यात टाकून देतो. ही धडक आंदोलनाच्या अगदी छोट्या हिश्शात होते, म्हणून झटकाही तेवढाच आखूड. म्हणजे इलेक्ट्रॉनचा अभ्यास करायचे हत्यार इलेक्ट्रॉननेच घडवून दिले. (कॉर्कम यांना २०२२ चे वुल्फ पारितोषिक लुइलिए व क्राउस यांच्याबरोबर मिळाले, पुढच्या वर्षी नोबेलच्या यादीत मात्र ते नव्हते. नोबेलचा मान प्रयोगपद्धतींचा होता हे खरे, पण या क्षेत्रात सिद्धान्त आणि प्रयोग यांच्यात अशी रेघ ओढणे मला पटत नाही.)

हे झटके ॲटोसेकंदांचे असावेत, असा अंदाज नव्वदच्या दशकातच बांधला गेला होता; तो सिद्ध व्हायला २००१ उजाडले. स्पंद तयार करण्याइतकेच ते मोजणे कठीण होते, कारण एवढ्या चपळ हालचालीला साथ देणारा कोणताही इलेक्ट्रॉनिक शोधक अस्तित्वात नाही. साक्लेच्या अगोस्तिनी यांच्या गटाने प्रत्येकी २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची माळ मोजली. त्याच वर्षी क्राउस यांच्या गटाने व्हिएन्नामध्ये ६५० ॲटोसेकंदांचा एकटा स्पंद वेगळा काढला. दोन्हीकडची युक्ती एका जातीची आहे. ॲटोसेकंद स्पंद अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, आणि तो ज्या मूळ लेसरपासून जन्मला त्याच लेसरचे विद्युतक्षेत्र त्या वेळी तिथे आंदोलत असते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात फळी टाकली, तर ती येत्या लाटेवर पडली की ओसरत्या, यावरून ती कुठे जाऊन लागेल हे ठरते. आणि ती कुठे लागली हे पाहून कधी टाकली हे उलट सांगता येते. तसेच इथे इलेक्ट्रॉन कोणत्या क्षणी सुटला ते त्याच्या अखेरच्या ऊर्जेवरून काढतात. माळेच्या पद्धतीत ऊर्जेऐवजी, इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेला ज्या दोन वाटांनी पोचतो त्यांच्यातले व्यतिकरण वाचतात. सेकंद कुठेच मोजले जात नाहीत. मोजली जाते ऊर्जा आणि लहरींच्या कलेतला फरक, आणि वेळ ही त्यांची भाषांतरित आवृत्ती असते. लेखाच्या सुरुवातीला कॅमेऱ्याच्या उपमेवर आक्षेप घेतला तो यासाठी.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनिश्चिततेच्या तत्त्वाचा. शंभर ॲटोसेकंदांचा स्पंद करायचा तर त्याची ऊर्जा किमान अठरा इलेक्ट्रॉनव्होल्टांइतकी पसरलेली असावीच लागते. अणूतल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची बंधनऊर्जाही साधारण याच पल्ल्यातली. वेळ जितका नेमका पकडावा तितकी ऊर्जा धूसर होते, मग अशा बोथट हत्याराने अणूच्या आतले काय कळणार? आक्षेप चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. ऊर्जेचा हा पसारा नसता तर एकाहून अधिक अवस्था एकदम जागवता आल्या नसत्या, आणि वर पाहिले तसे, सरमिसळीशिवाय हालचालच नसते. शिवाय माळेच्या पद्धतीत पसारा सलग नसतो. तो कंगव्याच्या दात्यांसारखा वेगवेगळ्या संनादींत वाटलेला असतो. एकेक दाता अरुंद असल्याने ऊर्जा नीट वाचता येते, आणि दात्यांच्या परस्पर कलांमधून वेळ काढता येते. तत्त्व कुठेही मोडत नाही. हिशेब कुठे चुकता करायचा, ते प्रयोग करणारा ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि त्याच्यापाशी रेंगाळायला हवे. वेळ जर गणिताच्या मदतीने वाचायची, तर गणित चुकले की वेळही चुकणार. मग हा पुरावा स्वतंत्र कसा? निऑनच्या प्रकरणात हाच प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा केल्यापासून प्रकाशकण शोषला की इलेक्ट्रॉन तत्क्षणी सुटतो, असे सगळे व्यवहारात धरून चालले होते. २०१० साली क्राउस यांच्या गार्शिंगमधल्या गटाने निऑनच्या दोन उपकवचांतले इलेक्ट्रॉन एकाच स्पंदाने बाहेर काढले, आणि २पी मधला इलेक्ट्रॉन २एस मधल्याच्या २१ ॲटोसेकंद मागे असल्याचे जाहीर केले. खळबळ उडाली ती विलंब आढळला म्हणून, आणि त्याहून जास्त आकडा जुळेना म्हणून. सैद्धान्तिकांनी निरनिराळ्या पद्धतींनी गणिते केली, इलेक्ट्रॉनांचे परस्परसंबंध धरले, लेसरच्या क्षेत्राचा वाटा वजा केला. तरी उत्तर प्रयोगाच्या निम्म्याच्याही खाली राहिले. पुढची सात वर्षे अणूंचे सिद्धान्त अपुरे आहेत की मोजणीत काही मिसळले आहे, यावर वाद चालला. २०१७ मध्ये लुइलिए यांच्या स्वीडनमधल्या लुंड इथल्या गटाने तो सोडवला. एक इलेक्ट्रॉन सुटताना कधीकधी शेजारच्या इलेक्ट्रॉनलाही वरच्या अवस्थेत ढकलतो. अशा इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २एस मधून आलेल्यांच्या सात-आठ इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या अंतरावर असते. एकट्या स्पंदाच्या विस्तीर्ण ऊर्जापसाऱ्यात ही दोन टोळकी वेगळी ओळखू येत नव्हती. कंगव्याच्या दात्यांनी ती वेगळी केली, आणि विलंब सिद्धान्ताच्या आकड्याला येऊन मिळाला.

या प्रकरणाचा अर्थ मी असा लावतो. गणिताने प्रयोगाला हवे ते वदवून घेतले असते, तर २१ हा आकडा सात वर्षे सगळ्यांच्या घशात अडकून राहिलाच नसता. प्रयोग आणि गणित एकमेकांवर रेलले होते, तरी ते एकमेकांविरुद्ध उभे राहू शकले, आणि निकाल लागला तो तिसऱ्या बाजूने, वेगळ्या पद्धतीच्या मोजणीतून. पुराव्याच्या स्वातंत्र्याची याहून कडक कसोटी मला सुचत नाही. याच कारणाने या क्षेत्रात सैद्धान्तिक गटांचे वजन मोठे आहे. आपल्याकडे दोन्ही बाजू आहेत : पवईच्या आयआयटीत ॲटोसेकंदांच्या सिद्धान्तावर काम चालते, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतितीव्र, अतिआखूड लेसर स्पंदांचे प्रयोग होत आले आहेत.

तरीही सगळीच भांडणे अशी मिटलेली नाहीत. ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या भिंतीतून जणू बोगद्याने पार होतो; त्याला या बोगद्यात किती वेळ लागतो, हा प्रश्न घ्या. हायड्रोजनवरच्या २०१९ च्या एका प्रयोगाने तो वेळ १.८ ॲटोसेकंदांहून जास्त नाही, म्हणजे जवळजवळ शून्य, असे सांगितले. इतर अणूंवरच्या प्रयोगांतून वेगळे अर्थ काढले गेले. खरी गोम अशी की पुंजयामिकीत स्थान आणि संवेग यांच्यासारखी वेळ ही मोजायची राशीच नाही. ‘किती वेळ लागला’ या प्रश्नाला अनेक व्याख्या आहेत आणि त्या वेगवेगळी उत्तरे देतात. घड्याळ सुधारून हा वाद संपणार नाही.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. रसायन घडते ते अणूंच्या हालचालीतून, फेम्टोसेकंदांत आणि त्याहून सावकाश. मग इलेक्ट्रॉनांच्या लगबगीशी आपल्याला काय कर्तव्य? २०१४ मध्ये फेनिलॲलनिन या ॲमिनो आम्लावर ३०० ॲटोसेकंदांहून आखूड स्पंद सोडला, तेव्हा त्याच्या एका तुकड्याचे प्रमाण सुमारे ४.३ फेम्टोसेकंदांच्या लयीत कमीजास्त होताना दिसले. अणू एवढ्या लवकर हलत नाहीत; म्हणून रेणूच्या अंगावरून विद्युतभार सरकत असल्याची ही खूण मानली गेली, आणि गणितानेही तशीच लय दाखवली. इथे मात्र आक्षेप घेणाऱ्यांना मी अर्धे माप देईन. पुरावा आडवाटेचा आहे : मोजले गेले ते तुकडे, भार नव्हे. शिवाय अणूंचे हलके थरथरणे हिशेबात घेतले, की कित्येक रेणूंच्या गणितात ही लय काही फेम्टोसेकंदांतच विरून जाते. इलेक्ट्रॉनांना हाकून हवी ती रासायनिक क्रिया घडवू, या घोषणा आज तरी उधारीवरच्या आहेत. क्राउस यांचा गट अवरक्त स्पंदांनी रक्ताची तपासणी करून रोगनिदानाचा प्रयत्न करतो आहे. त्याची बातमीही नेहमी या यादीत घुसते, पण त्यात इलेक्ट्रॉनची हालचाल कुणी मोजत नाही. प्रकाशाचे क्षेत्र थेट मोजण्याच्या तंत्राचा तो दुसरा उपयोग आहे. सर्वांत आखूड स्पंदाच्या शर्यतीबद्दलही फार बोलण्यासारखे नाही : २०१७ मध्ये झ्युरिकला तो ४३ ॲटोसेकंदांवर आला, आणि आजचे बरेचसे प्रश्न याहून लांब स्पंदांनीही सुटतात.

उपयोग दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे साधे पाणी. पाण्यावर क्ष-किरण टाकले की बाहेर येणाऱ्या क्ष-किरणांच्या वर्णपटात एका जागी दोन शिखरे दिसतात. काहींच्या मते ती पाण्यात दोन वेगळ्या रचना एकत्र नांदत असल्याची साक्ष होती. इतरांच्या मते क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर हायड्रोजनचे अणू सरकतात आणि शिखर दुभंगते. वाद वर्षानुवर्षे चालला, कारण दोन्ही बाजूंना एकच वर्णपट पुरत होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळच्या क्ष-किरण लेसरवर पाण्याच्या पातळ पडद्याला एका ॲटोसेकंद स्पंदाने छेडले आणि लगेच दुसऱ्याने तपासले. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका खरा, पण एवढ्या वेळात तोही जागचा हलू शकत नाही. अणू असे थिजलेले असताना मिळालेल्या वर्णपटात दोन रचनांची खूण सापडली नाही. जुन्या मोजणीतली जोडी अणूंच्या हालचालीतून आली असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. इथेही फोटो कुणी काढला नव्हता. मोजणी हायड्रोजन हलायच्या आत संपली होती, एवढेच.