धरण भरलेलं, धार बारीक : यूएसबीचा वेग का मंदावतो?

(गंगापूर रोड, नाशिक येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एक-दोघांनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे यूएसबी कुठून काढलंत?" उत्तर सोपं आहे. निवृत्तीनंतर आम्हाला मोक्षाविषयी जितके प्रश्न विचारले गेले, त्याहून जास्त पेनड्राइव्हविषयी विचारले गेले. आणि खरं सांगायचं तर या दुसऱ्या प्रश्नाला तर्कशास्त्राचा उपयोग लगेच होतो.

प्रश्न साधारण असा असतो : "नातवंडांचे फोटो हार्ड डिस्कवर कॉपी करायला लावले, रात्र गेली, तरी निम्मेच झाले. संगणक जुना झाला का? नवीन घ्यावा का?" आमचं म्हणणं असं, की नवीन घेण्याआधी तासभर स्वतः तपासून पाहावं. पुष्कळदा दोष काही शे रुपयांच्या केबलमध्ये निघतो, किंवा केबल चुकीच्या जागी खुपसलेली असते. फक्त एक प्रसंग असा आहे की तेव्हा तासभरही थांबू नये. तो कोणता, तेही आज पाहू.

आधी गोष्ट समजून घेऊ. गंगापूर धरण भरल्याची बातमी आपण वाचतो आणि त्याच दिवशी घरच्या नळाला धार बारीक असते. तेव्हा आपण धरणाला दोष देत नाही. धरणापासून नळापर्यंत मोठी जलवाहिनी आहे, जलकुंभ आहे, सोसायटीची टाकी आहे, भिंतीतला पाइप आहे, आणि शेवटी नळाच्या तोंडाची जाळी आहे. यातली जी जागा सर्वांत अरुंद, ती धार ठरवते. बाकीचे पाइप कितीही रुंद केले तरी जाळीत कचरा अडकलेला असेल तर धार वाढणार नाही.

यूएसबीचंही तसंच आहे. फोटो संगणकातून निघतात, संगणकाच्या पोर्टमधून बाहेर पडतात, केबलमधून जातात, मध्ये कधी हब असतो, मग बाहेरची डिस्क त्यांना उतरवून घेते. इतकी ठाणी आहेत. वेग सर्वांत हळू ठाण्याचा मिळतो.

पण नळ आणि यूएसबी यांत एक फरक आहे. तो कळण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

१९९०च्या सुमाराचा संगणक ज्यांनी वापरला त्यांना आठवत असेल. प्रिंटरला रुंद जोडणी, माऊसला वेगळी, कीबोर्डला गोल, मोडेमला आणखी निराळी. एकाची वायर दुसऱ्याला चालायची नाही. या गोंधळावर उपाय म्हणून सात कंपन्या एकत्र आल्या : कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये या कामात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. बडोदा म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतातच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २०००मध्ये यूएसबी २.० आली, तिचा ४८० मेगाबिट. २००८मध्ये ३.० आली, तिचा ५ गिगाबिट, म्हणजे २.०च्या दहापट. पुढे आणखी वेगवान आवृत्त्या निघाल्या. इथे बिट आणि बाइट यांत घोळ करू नका. आठ बिटांचा एक बाइट. वेग बिटांत छापतात आणि फोटोंचा आकार बाइटांत मोजतात. म्हणून ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात तीस-चाळीस हाती लागतात.

आता १०० गिगाबाइटचे फोटो आणि व्हिडिओ धरू. ३.०ने जोडलेल्या, आत फिरती तबकडी असलेल्या साध्या डिस्कवर सेकंदाला ११० मेगाबाइट जात असतील तर पंधरा मिनिटांत काम झालं. २.०च्या मार्गाने सेकंदाला ३५ गेले तर पाऊण तासाहून थोडं जास्त. आणि जोडणी घसरून पहिल्या आवृत्तीच्या वेगावर आली, सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइट जाऊ लागला, तर? सत्तावीस तासांहून जास्त! डिस्क तीच, संगणक तोच, फोटो तेच.

आता तो फरक. यूएसबी तयार करताना एक नियम पाळला गेला : नव्याने जुन्याशी जुळवून घ्यायचं. २०२०ची डिस्क २००५च्या संगणकाला लावली तरी ती चालते. दोघांत बोलणी होतात आणि ज्याचा वेग कमी त्याच्या चालीने दोघे चालतात. घरातला तरुण माणूस आजोबांबरोबर फिरायला निघाला की पावलं आपोआप लहान टाकतो, तसं. ही मोठी सोय आहे. पण यामुळेच दोष लपतो. यूएसबी तक्रार करत नाही, मुकाट्याने जुळवून घेते. विंडोज कधीकधी 'हे उपकरण याहून वेगाने चालू शकेल' अशा अर्थाची सूचना कोपऱ्यात दाखवतं, पण ती क्षणात निघून जाते. आपल्याला दिसतं एवढंच, की काम चालू आहे. म्हणून अडलेली जागा आपल्यालाच शोधावी लागते.

शोधायची कशी? आपल्याकडच्या नैयायिकांनी याला फार चांगली जोडी दिली आहे : अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते असतं, हा अन्वय. हे नसताना ते नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले की कारण हाती लागण्याची शक्यता वाढते. जॉन स्टुअर्ट मिलनेही १८४३च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याच्या जवळची रीत मांडली. व्यवहारात तिचा अर्थ एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक काय करतात? केबल बदलतात, पोर्ट बदलतात, संगणक बंद-चालू करतात, सगळं एकदम. वेग सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही, आणि महिनाभराने पुन्हा तेच.

पण थांबा. तपासणीआधी तो प्रसंग सांगतो, जिथे ही रीत लावायची नाही. डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल, काही फाइली उघडताना संगणक अडकून पडत असेल, किंवा डिस्क मधूनच दिसेनाशी होऊन परत येत असेल, तर मंदपणा हा आजार नाही, आजाराचं लक्षण आहे. डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. तेव्हा प्रयोग नकोत, दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणं नको. आधी सर्वांत मोलाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. सिनेमे राहू देत, गाणी राहू देत, ती पुन्हा मिळतील. आणि आवाज येत असताना फाइली मिळूच नसतील, तर डिस्क बंद करून जाणकाराकडे न्या. आमच्या ओळखीच्या एका बाईंकडे त्यांच्या यजमानांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण अशाच एका डिस्कवर होतं, दुसरी प्रत नव्हती. 'जुनी झाली, हळू चालते' म्हणून काही महिने डिस्क तशीच वापरली. मग एक दिवस संगणक तिला ओळखेना. फोटो मुलाकडे होते म्हणून वाचले. आवाज गेला.

अशी लक्षणं नसतील तर निवांत बसा आणि कागद-पेन घ्या.

मोजमापासाठी एकच मोठी फाइल निवडा, समजा २ गिगाबाइटचा लग्नाचा व्हिडिओ. तो संगणकावरून डिस्कवर कॉपी करा आणि घड्याळ लावा. वीस सेकंदांच्या आसपास लागले तर जोडणी ३.०ची आहे. मिनिटभर लागला तर बहुधा २.०ची. अर्धा तास लागला तर काहीतरी ठार बिघडलंय. सुरुवातीला आकडा झरझर पळतो आणि मग घसरतो, त्याला फसू नका. आधीचा थोडा भाग तात्पुरत्या स्मृतीत गेलेला असतो. पूर्ण वेळ मोजा. आणि दर वेळी डिस्क 'इजेक्ट' करून, काढून, पुन्हा लावून मगच पुढचा प्रयोग करा.

पहिला बदल : पोर्ट. संगणकाच्या सगळ्या पोर्टांचा वेग सारखा नसतो. ३.०च्या पोर्टात आतली पट्टी बहुधा निळी असते किंवा शेजारी 'एसएस' ही अक्षरं असतात. निळा रंग ही शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे काळ्या पोर्टालाही एकदा संधी द्या. टेबलावरचा मोठा संगणक असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरून पाहा. पुढची पोर्टं आतून वायरने जोडलेली असतात, ती वायर कधी सैल असते, कधी जुनी. पोर्टात धूळ असेल तर संगणक बंद करून मऊ कोरड्या ब्रशने हलकेच काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. आणि पिन पूर्ण आत बसली आहे ना, ते बघा. २.०च्या जोडणीत चार संपर्क असतात, ३.०मध्ये नऊ. पिन अर्धवट बसली किंवा फार सावकाश आत सरकवली तर कधी जुने चारच आधी जुळतात, आणि बोलणी २.०च्या वेगावर पक्की होतात.

दुसरा बदल : केबल. पोर्ट तेच ठेवा, फक्त केबल बदला. आमच्या मते सर्वांत जास्त शंका हिच्यावर घ्यावी. बाहेरच्या डिस्कबरोबर येणाऱ्या ३.० केबलचं टोक रुंद, दोन भागांचं असतं. त्याच खाचेच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची बारीक केबलही बसते, डिस्क चालतेही, पण २.०च्या वेगाने! टाइप-सीचंही तसंच. टोक नवीन दिसतं, पण मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या पुष्कळ केबली आतून २.०च्याच असतात. काहींत तर फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, त्यांतून फाइली जातच नाहीत. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. म्हणून चांगली केबल सापडली की तिला चिठ्ठी बांधून ठेवा : 'डिस्कची'.

तिसरा बदल : हब काढा. एका पोर्टावरच्या हबला चार उपकरणं लावली तर वेग चौघांत वाटला जातो. वीजही वाटली जाते. २.०चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.०चं ९००. फिरत्या तबकडीची डिस्क आणि स्वतःची वीज नसलेला हब, ही जोडी जमत नाही. डिस्क थेट संगणकाला लावा.

चौथा बदल : तीच डिस्क, तीच केबल, पण शेजाऱ्यांचा संगणक. तिथे वेग मिळाला तर दोष आपल्या संगणकात. तिथेही मंद असेल आणि केबल आधीच तपासली असेल, तर डिस्कवरच संशय. दोष आपल्या संगणकात निघाला तर पहिला उपाय 'रीस्टार्ट'. विंडोजमध्ये नुसतं 'शट डाऊन' केल्याने बऱ्याच संगणकांत जुनी अवस्था अंशतः जपून ठेवली जाते, 'रीस्टार्ट'ने खरी सुरुवात होते. मग विंडोजचे आणि संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचे ड्रायव्हर अद्ययावत करा.

आता सगळी ठाणी बरोबर असूनही वेग का मिळत नाही, त्याची दोन साधी कारणं. एक, फाइलींची संख्या. पन्नास हजार छोटे फोटो आणि तेवढ्याच आकाराचा एक व्हिडिओ यांत फोटोंना पुष्कळ जास्त वेळ लागतो. प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते, शिवाय अँटिव्हायरस प्रत्येकीला थांबवून तपासतो. घर हलवताना एक कपाट उचलणं सोपं, हजार वाट्या-चमचे वेगवेगळे नेणं कठीण. दुसरं, स्वस्त पेनड्राइव्ह. त्याच्यावर ३.० लिहिलेलं असतं, ते जोडणीविषयी. आतली चिप लिहून घ्यायला मंद असेल तर जोडणी काय करणार?

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले.

"डिस्क लावली की बिनतारी माऊस अडखळतो, ते कसं?" चांगलं निरीक्षण आहे. ३.०ची जोडणी चालू असताना जे विद्युतचुंबकीय तरंग बाहेर पडतात, ते बिनतारी माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लुडबुड करतात. माऊसचा छोटा रिसीव्हर डिस्कपासून लांबच्या पोर्टात लावा.

"काम मंद चाललंय म्हणून मध्येच केबल काढली तर?" हे मात्र कधी करू नका. निम्मी लिहिलेली फाइल तर जातेच, कधी डिस्कवरची नोंदवहीही बिघडते, आणि मग आधीच्या फाइलीही सापडत नाहीत. 'कॅन्सल' दाबा, थांबा, 'इजेक्ट' करा, मग काढा. आणि फाइली 'कट' करून हलवू नका. कॉपी करा, नवीन जागी चार-सहा उघडून बघा, मगच जुन्या पुसायच्या की नाही ते ठरवा.

मंडळी, हे सगळं तुम्हाला स्वतः करता येण्यासारखं आहे. दर वेळी मुलाच्या सुट्टीची किंवा दुकानदाराच्या सवडीची वाट पाहायला नको. एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक बदलाची कागदावर नोंद, एवढंच पथ्य. पण आज घरी गेल्यावर वेग मोजायच्या आधी एक गोष्ट बघा : जे फोटो, जे आवाज पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे का? नसेल तर ती आजच करायला लावा, हळू झाली तरी चालेल.